पॅव्हेलियनची पायरी

जुलै २०२४ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेला भारतीय संघ उघड्या बसमधून मरीन ड्राइव्हने वानखेडेकडे निघाला, तेव्हा समुद्राच्या कठड्यापासून समोरच्या इमारतींच्या पायऱ्यांपर्यंत माणसंच माणसं होती. स्टेडियमात त्यातली मूठभरच मावली. गर्दी पांगते न पांगते तोच मागणी पुढे आली की मुंबईला आता वानखेडेच्या दुप्पट-तिप्पट मोठं, लाखभर प्रेक्षकांचं स्टेडियम हवं. मागणीत वावगं काही नव्हतं. पण तिच्या पाठोपाठ जो वाद सुरू झाला त्याने मी अस्वस्थ झालो. नवं होणारच असेल तर जुन्याचं काय? चर्चगेटच्या आसपास, पायी अर्ध्या तासात फिरून होईल एवढ्या पट्ट्यात ब्रेबर्न आहे, वानखेडे आहे, बॉम्बे जिमखाना आहे, समुद्राकाठची जिमखान्यांची रांग आहे. एवढी मोक्याची जागा क्रिकेटसाठी अडवून ठेवायची? महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून हाच वाद आधीपासून धुमसत होता, त्यात ही भर पडली.

वादाच्या दोन्ही बाजू आता पाठ झाल्या आहेत. एक म्हणते, ही साहेबाची आणि शेठजींची मौजमजेची ठिकाणं. गर्दीने गुदमरलेल्या शहरात त्यांचे लाड कशाला? दुसरी बाजू जुने फोटो काढून दाखवते: वेताच्या खुर्च्या, पांढरे फ्लॅनेल, लाकडी जिना, आर्ट डेको शैलीचे गोलाकार सज्जे. पहिलीला त्या इमारतींत फक्त सत्ता दिसते, दुसरीला फक्त सौंदर्य. पण क्रीडांगणाची वास्तू म्हणजे मुळात बसण्याची व्यवस्था असते. सावली कुणाला, ऊन कुणाला, खुर्ची कुणाला, फरशी कुणाला आणि कुंपणाबाहेर कोण, हे ती वास्तू ठरवते आणि मग पिढ्यान्‌पिढ्या तसंच सांगत राहते. मुंबईने आपला सव्वाशे-दीडशे वर्षांचा सामाजिक इतिहास या बसण्याच्या व्यवस्थेत लिहून ठेवला आहे. तो पाडून पुसला जाऊ नये आणि सभासदांच्या दारामागे कुलूपबंदही राहू नये. जपायचं असेल तर उघडलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात इमारतींनी करून चालणार नाही, कारण या गोष्टीत आधी आली ती मोकळी जागा. किल्ल्यातून तोफ डागायची तर समोर आडोसा नको, म्हणून इंग्रजांनी कोटाबाहेरचं रान साफ ठेवलं. तो एस्प्लनेड. १८६०च्या दशकात कोटाच्या भिंती पाडल्या, पण मोकळीक उरली. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे तिचेच तुकडे. युद्धाच्या गरजेतून जन्मलेली ही रिकामी जागा पुढे शहराच्या खेळाची जागा झाली. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्या ओव्हलच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या आहेत. मधलं मैदान नसतं तर हा देखावाच उभा राहिला नसता. पण त्या मैदानावरच्या क्लबांच्या तंबूंना वारसा म्हणावं, असं कुणाच्या मनात येत नाही. पावसाळ्यात कांगा लीगचे सामने चालतात, एका सामन्याचा डीप फाइन लेग दुसऱ्या सामन्याच्या स्लिपमध्ये उभा असतो आणि ओल्या ताडपत्रीखाली स्कोअरर डोकं घालून बसलेला असतो. माझ्या मते तीही वास्तुकलाच. १९८८च्या फेब्रुवारीत तेंडुलकर आणि कांबळी या शाळकरी पोरांनी हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत ६६४ धावांची भागीदारी केली, ती याच आझाद मैदानावर. तिथे पॅव्हेलियन म्हणजे काय, तर तंबूच.

ही मोकळी जागा सगळ्यांची होती, असं मात्र समजू नका. एकोणिसाव्या शतकात इथे पारशी आणि हिंदू पोरं क्रिकेट खेळायला लागली, तेव्हा त्याच गवतावर गोरे साहेब पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीची चाळण व्हायची. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्जावर अर्ज केले. एकदा निकाल त्यांच्या बाजूने लागला, पुढे फिरवला गेला. जेमतेम डझनभर साहेबांच्या घोड्यांनी शेकडो पोरांचं मैदान नासवायचं आणि तरी सार्वजनिक हिताचा दाखला साहेबांनीच द्यायचा, ही गंमत तेव्हाच्या पारशी खेळाडूंच्या नजरेतून सुटली नव्हती. पुढे बॅकबेच्या किनाऱ्यालगत जिमखान्यांना जागा मिळाल्या: आधी पारश्यांना, मग इंग्लंडचा माजी कर्णधार असलेल्या लॉर्ड हॅरिसच्या गव्हर्नरकीत हिंदू आणि मुसलमानांना. १८९४चा हिंदू जिमखाना तेव्हाचा. आज मरीन ड्राइव्हवरून जाताना एकापाठोपाठ एक लागणारी ती बैठी पॅव्हेलियनं पाहा. जाती-धर्मांनी मांडलेली पंगतच ती. प्रत्येकाला आपापलं पान, आपापला पाट. शहराने आपली उतरंड एका ओळीत मांडून समुद्राकडे तोंड करून बसवली आहे.

आणि बॉम्बे जिमखाना? स्थापना १८७५, दार फक्त गोऱ्यांना उघडं. (इंटरनेटवर हमखास वाचायला मिळतं की १८७५ची ही इमारत वास्तुविशारद क्लॉड बॅटले यांनी उभारली. बॅटले जन्मले १८७९ मध्ये. वारशाबद्दल आपण किती मन लावून बोलतो याचा हा नमुना.) भारतात खेळला गेलेला पहिला कसोटी सामना १९३३च्या डिसेंबरात याच मैदानावर झाला. जार्डिनचा इंग्लंड, सी. के. नायडूंचा भारत, प्रेक्षकांसाठी तात्पुरते मांडव घातलेले. दुसऱ्या डावात लाला अमरनाथांनी ११८ धावा केल्या, भारताकडून कसोटीतलं ते पहिलं शतक. सामना नऊ विकेटनी हरलो, पण त्या संध्याकाळी मुंबई वेडी झाली होती. आता क्षणभर त्या पॅव्हेलियनचा विचार करा. पाहुणे म्हणून आलेले अकरा भारतीय खेळाडू ज्या पायऱ्या उतरून मैदानात गेले, त्या पायऱ्या सभासद म्हणून चढण्याचा हक्क त्यांच्यातल्या एकालाही नव्हता. हा विरोधाभास पुस्तकात वाचला तर एक ओळ होते. पायरीसमोर उभं राहून कळला तर घसा कोरडा पडतो.

‘पायरी ओळखून वागावं’ हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार. साहेबाने तो आपल्याला शिकवला नाही, आपल्याकडे तो आधीपासून होता. पळवणकर बाळू हा त्या काळातला हिंदुस्थानातला बहुधा सर्वांत थोर गोलंदाज. चांभार कुटुंबातला, पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टी राखायला ठेवलेला. पुण्याच्या हिंदूंना साहेबांना हरवायचं होतं म्हणून त्याला संघात घेतलं. मैदानावर त्याने हाताळलेला चेंडू सगळे झेलत. चहाची वेळ झाली की मंडळी पॅव्हेलियनमध्ये जात आणि बाळू बाहेर उभा राही, त्याला मातीच्या भांड्यात वेगळा चहा मिळे. म्हणजे गवतावर समता आणि फळीच्या पायरीवर विटाळ. १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूचा हात मोठा होता. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते मिळायला त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला १९२३ उजाडावं लागलं. मैदान आणि पॅव्हेलियन यांच्या मधल्या त्या तीन-चार पायऱ्या म्हणजे आपल्या समाजसुधारणेचा अख्खा नकाशा आहे. त्या पाडून तिथे काचेचा टॉवर उभा केला तर नेमका कुणाचा सूड उगवला जाईल? बाळूचा? की ज्यांना बाळू विसरायचा आहे त्यांची सोय होईल?

पहिल्या बाजूच्या सगळ्यांत वजनदार मुद्द्याला माझं पहिलं उत्तर हेच आहे. मुद्दा खोटा नाही, हे आधी कबूल करतो. ही ठिकाणं मूठभरांची होती आणि बरीचशी आजही मूठभरांचीच आहेत. सार्वजनिक जमिनीवर नाममात्र भाड्याने पिढ्यान्‌पिढ्या पट्टा चालवायचा, दारावर ‘फक्त सभासदांसाठी’ लिहायचं आणि वर ‘आम्ही शहराचा वारसा जपतो’ म्हणून मिशीला पीळ द्यायचा, हा प्रकार चीड आणणाराच आहे. पण चीड आली म्हणून पुरावा जाळायचा नसतो. ज्या इमारतीने माणसांना बाहेर ठेवलं तीच बाहेर ठेवण्याची साक्षीदार असते. तिच्यावरचा राग काढायचा योग्य मार्ग तिच्या आत शिरण्याचा. लॉर्ड्‌सचं लाल विटांचं पॅव्हेलियन १८९०चं. तिथल्या क्लबाने बायकांना सभासदत्व द्यायला १९९८पर्यंत वेळ घेतला, म्हणजे दोनशे वर्षांहून जास्त. नियम बदलला, पॅव्हेलियन पाडा असं कुणी म्हटलं नाही. पुढच्याच वर्षी त्याच्या थेट समोर, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, ॲल्युमिनियमचं अंतराळयानासारखं मीडिया सेंटर उभं राहिलं. एकोणिसावं आणि एकविसावं शतक तिथे एकमेकांकडे टक लावून बघत बसलेली असतात आणि मध्ये क्रिकेट चालू असतं.

ब्रेबर्नची कथा जास्त गुंतागुंतीची आणि म्हणून जास्त रंजक. साहेबांच्या जिमखान्यावर अवलंबून राहायला नको, हिंदुस्थानी क्रिकेटला स्वतःचं घर हवं, या विचारातून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया उभा राहिला. समुद्र बुजवून नुकतीच मिळालेली बॅकबेची जमीन, मुंबईतल्या ग्रेगसन, बॅटले अँड किंग या वास्तुविशारद कंपनीचा आराखडा (होय, हे बॅटले तेच, इथे मात्र त्यांचं नाव बरोबर आहे), १९३६च्या मे महिन्यात गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांच्या हस्ते पायाभरणी आणि १९३७च्या डिसेंबरात उद्घाटन. दीड वर्षात संपूर्ण स्टेडियम! बाहेरून आजही ते गर्जत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला आत एवढं मोठं वर्तुळ आहे याची शंका येऊ नये, इतकं ते आसपासच्या इमारतींच्या रांगेत मिसळून गेलं आहे. आतलं पॅव्हेलियन मात्र बोटीसारखं: मजल्यावर मजला, लांबलचक सज्जे, सभासदांना राहायच्या खोल्या, की उठलं आणि सज्जात येऊन सामना बघितला. तेव्हाच्या मुंबईला आगबोटींचं आणि वेगाचं जे वेड होतं ते इथे काँक्रीटमध्ये गोठलेलं दिसतं. मला हे स्टेडियम मनापासून आवडतं, आणि म्हणूनच पुढचं सांगणं भाग आहे.

स्टेडियम उघडलं त्याच मोसमात भांडण झालं, आणि ते झालं खुर्च्यांवरून. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि उरलेल्यांचा ‘रेस्ट’ असा पंचरंगी सामन्यांचा तो काळ. आपल्या वाट्याला पुरेशा जागा दिल्या नाहीत म्हणून १९३७च्या स्पर्धेतून हिंदू संघाने अंग काढून घेतलं. म्हणजे देशी क्रिकेटचं स्वतःचं घर बांधून होतं न होतं तोच घरातल्या पाटांवरून रुसवे सुरू. छत्तीस-सदतीस वर्षांनी नेमकं तेच नाटक पुन्हा झालं, पात्रं तेवढी बदलली. कसोटीच्या तिकिटांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांचं फाटलं. क्लबाकडे विजय मर्चंट, असोसिएशनकडे बॅरिस्टर शेषराव वानखेडे. दोघंही मागे हटणारे नव्हते. परिणाम? ब्रेबर्नपासून हाकेच्या अंतरावर, शशी प्रभू यांच्या आराखड्यावर, वर्षभराच्या आसपास एवढ्याच काळात दुसरं स्टेडियम उभं राहिलं आणि १९७५च्या जानेवारीत तिथे वेस्ट इंडीजविरुद्धचा कसोटी सामना सुरूही झाला. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केल्या. त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी बडवलं आणि नव्याकोऱ्या स्टेडियमात दंगल पेटली. एका अर्थी वानखेडेचं खरं उद्घाटन तेव्हाच झालं असं मी मानतो. ब्रेबर्नच्या सज्जातून सामना बघणारा प्रेक्षक आणि वानखेडेच्या काँक्रीटवर बसणारा प्रेक्षक यांच्यातला फरक त्या दुपारी स्पष्ट झाला.

म्हणून ‘एक किलोमीटरमध्ये दोन-दोन स्टेडियमं कशाला’ असं कुणी विचारलं की मला हसू येतं. दुसरं स्टेडियम असणं हाच तर इतिहास आहे! लालित्याचा म्हणाल तर वानखेडेत काही नाही. घाईघाईत ओतलेलं काँक्रीट, दोन रेल्वे स्टेशनांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत कोंबलेल्या गॅलऱ्या. वारसाप्रेमी त्याच्याकडे नाक मुरडतात आणि ब्रेबर्नचे फोटो काढायला जातात. वारसाप्रेमींशी माझं भांडण आहे ते इथेच. दगड कोरलेला असेल, कठड्याला वळण असेल, खिडकीला रंगीत काच असेल तेवढंच जपायचं, हा वारसा नव्हे, दिवाणखान्याची सजावट झाली. मुंबईने १९९५ मध्ये वारसा-नियमावली केली, देशात अशी पहिली. त्या नियमावलीने पुष्कळ इमारती वाचवल्या, हे मान्य. पण तिने आपल्याला दर्शनी भागाकडे बघण्याची सवय लावली. क्रीडांगणाचा दर्शनी भाग बाहेर नसतोच. तो आत, मैदानाच्या बाजूला असतो.

वानखेडेचा नॉर्थ स्टँड आठवा. मी कॉलेजात असताना तिथल्या पायऱ्यांवर बसून रणजी पाहिली आहे. बूड भाजायचं, वर्तमानपत्राची घडी खाली घ्यावी लागायची, पाण्याच्या नळाची चव गंजाची. पण बाजूला बसलेला गिरणीतून रिटायर झालेला बाबा प्रत्येक चेंडूवर निवड समितीला सल्ला देत असे आणि सीमारेषेवरच्या खेळाडूला तो ऐकू जात असे. १९८५च्या जानेवारीत रवी शास्त्रीने बडोद्याच्या तिलक राजला एका षटकात सहा षटकार मारले, ते याच मैदानावर, रणजीच्याच सामन्यात. २०११च्या विश्वचषकासाठी वानखेडेची पुनर्बांधणी झाली. प्रत्येकाला पाठ टेकायची खुर्ची मिळाली, वर कापडाचं हलकं झुलतं छप्पर आलं, जिने रुंद झाले. आणि सुमारे ४५ हजारांची क्षमता ३३ हजारांच्या आसपास आली. बायकांना, म्हाताऱ्यांना, चाकाच्या खुर्चीवर येणाऱ्यांना जुनं वानखेडे जवळपास बंदच होतं, त्यामुळे या सुधारणांना विरोध करणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. आग लागली तर बाहेर पडायला वाट हवी आणि बाईला स्वच्छ संडास हवा. यापुढे माझ्या हळव्या आठवणींची किंमत शून्य आहे. पण बारा हजार माणसं कुठे गेली, हे विचारायचा हक्क मला आहे. सोय आणि स्वस्ताई यांच्यात एकाची निवड करावी लागते, असा काही निसर्गनियम नाही. तो आराखडा करताना घेतलेला निर्णय असतो आणि तो निर्णय घेताना पायरीवर बसणारा माणूस खोलीत नसतो.

‘म्हणूनच तर लाखाचं स्टेडियम हवं’, असं यावर उत्तर येईल. हवं तर बांधा, शहराबाहेर भरपूर जागेत बांधा. त्याने जुन्यावरचा भार हलका होईल. फक्त मोठं म्हणजे सर्वांचं, ही समजूत तपासून घ्या. अहमदाबादकडे बघा. मोटेऱ्याच्या जुन्या स्टेडियमात १९८७ मध्ये गावसकरांनी दहा हजारावी कसोटी धाव घेतली, १९९४ मध्ये कपिल देवने ४३२वा बळी मिळवून न्यूझीलंडच्या हॅडलीचा विक्रम मागे टाकला. ते पाडून तिथे १ लाख ३२ हजारांचं स्टेडियम उभं राहिलं. जागा तीच म्हणायची, पण ज्या पायऱ्यांवरून ते क्षण पाहिले गेले त्या आता नाहीत. त्याच शहरात नवरंगपुऱ्याला सरदार पटेल स्टेडियम आहे, चार्ल्स कोरिया आणि अभियंते महेंद्र राज या जोडीचं. घड्या घातलेल्या कागदासारखं काँक्रीटचं छत, पुढे झेपावलेलं, मध्ये दृष्टी अडवायला खांब नाही. भारतातला पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना १९८१ मध्ये तिथे झाला. स्वतंत्र भारताने स्वतःच्या अकलेने, स्वतःच्या काँक्रीटमध्ये केलेलं हे काम. त्याच्या दुर्दशेची दखल कुणी घेतली? जागतिक वारशासाठी काम करणाऱ्या न्यूयॉर्कच्या एका संस्थेने, २०२०च्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत. आपल्याला आपलं कौतुक करायलाही टपालाने परवानगी मागवावी लागते.

खेळाची जागा सामान्यांसाठी बांधायची म्हणजे कशी, याचं उत्तर शोधायला अहमदाबादला जायचीही गरज नाही. ते कोल्हापुरात आहे. शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, परतीच्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोझियम पाहिलं, आणि त्यातून खासबागेच्या कुस्ती मैदानाची कल्पना आली. १९१२ मध्ये ते सुरू झालं. त्यांनी रोमच्या कमानींची नक्कल केली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. उचलली ती फक्त मूळ युक्ती: मध्ये आखाडा, भोवती चढत गेलेली गोल बैठक, की शेवटच्या रांगेतल्या गड्यालाही डाव दिसावा. वरचे मजले नाहीत, कमानी नाहीत. माती, उतार आणि नजर. ज्या काळात बाळू पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यातून चहा पीत असल्याची आठवण ताजी होती, त्या काळात एक राजा हजारो शेतकरी-कष्टकऱ्यांना एकाच उतारावर बसवायची जागा बांधत होता. खासबागेत मानाच्या जागा नव्हत्या असा माझा दावा नाही. पण तिथली मूळ रेषाच वर्तुळाची आहे, आणि मुंबईच्या जिमखान्यांची ओसरीची. वास्तुकला शिकणाऱ्या पोरांना हा फरक डोळ्यांनी दाखवायला हवा. ऑगस्ट २०२४ मध्ये खासबागेला खेटून असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत खाक झालं, तेव्हा अख्खं कोल्हापूर रस्त्यावर येऊन रडलं. त्या आगीपूर्वी त्या परिसराच्या वायरिंगसाठी कुणी रस्त्यावर आलं असतं का, हा प्रश्न कडू आहे, पण टाळता येत नाही.

महालक्ष्मीचं मात्र वेगळं आहे, आणि तिथे मी पहिल्या बाजूच्या बराच जवळ जातो. १८८३चा रेसकोर्स, २११ एकर, पट्टा २०१३ मध्येच संपलेला. २०२४ मध्ये ठरलं की १२० एकर महापालिकेकडे उद्यानासाठी यावेत आणि ९१ एकर रेस क्लबाकडे राहावेत. घोड्यांवर पैसे लावणाऱ्यांच्या छंदासाठी एवढी हिरवी जमीन अडवणं समर्थनीय नाही, हे मला पटतं. एस्प्लनेडवरच्या पोलोच्या भांडणाची ही उशिरा झालेली परतफेड म्हणा हवं तर. पण उद्यानाच्या नावाखाली भुयारी वाहनतळ, त्यावर कॅफे, त्याला तिकीट असं होणार असेल, तर घोडे परवडले. ते निदान गवतावर पळतात. जुने स्टँड उद्यानातल्या माणसांना बसायला मोकळे राहणार का? लोखंडी खांबांखालची ती सावली शाळांच्या क्रीडामहोत्सवांना मिळणार का? चर्चा झाली ती एकरांची. सावलीबद्दल कुणी बोललं नाही.

शेवटी व्यवहाराचं बोलतो, कारण ‘जपा आणि उघडा’ म्हणणं सोपं आहे. जिमखान्यांपैकी बहुतेकांची जमीन सरकारी भाडेपट्ट्याची आहे आणि पट्टे कधी ना कधी नूतनीकरणाला येतातच. तिथे कलम टाकता येतं. वर्षातले ठरावीक दिवस मैदान महापालिकेच्या शाळांना. आठवड्यातून एक सकाळ पॅव्हेलियन बघायला खुलं, बरोबर सांगणारा माणूस, मराठीतही. जुन्या स्कोअरबुकांचं, फोटोंचं, सभासद-यादीचं डिजिटल रूप संशोधकांना उपलब्ध. आणि भिंतीवर एक पाटी, जिच्यावर जिंकलेल्या सामन्यांबरोबर कुणाला आत घेतलं नव्हतं तेही लिहिलेलं असेल. क्लबवाले म्हणतील, आमची खासगी जागा, सुरक्षेचा प्रश्न, गवत खराब होईल. गवताची काळजी मी समजू शकतो. पोलोच्या वेळी ती आपल्या पोरांनीही केली होती. खासगीपणाचं मात्र कळत नाही. पायाखालची जमीन सगळ्यांची आणि पायरी तेवढी तुमची, हे गणित अर्जदारांनी १८८१ मध्येही मान्य केलं नव्हतं.

फॅशन स्ट्रीटवर शर्टाची घासाघीस करून झाली की मी अजूनही वळून बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणापाशी थांबतो. हँगरवर लटकणाऱ्या जीन्सच्या फटीतून मैदान दिसतं, पलीकडे लांब उतरत्या छपराचं पॅव्हेलियन. एखादा शनिवार असला तर सामना चालू असतो. मागच्या खेपेला चेंडू कुंपणापाशी घरंगळत आला, तेव्हा स्टॉलवरचा पोरगा गिऱ्हाईक सोडून जाळीला नाक लावून उभा होता. क्षेत्ररक्षक चेंडू उचलायला वाकला. पोराने विचारलं, ‘‘दादा, किती झाले?’’

‘‘चार बाद नव्वद.’’

पोरगा वळला आणि अमरनाथांच्या मैदानाला पाठ करून गिऱ्हाइकाला म्हणाला, ‘‘साडेतीनशेला दोन. शेवटचं सांगतो.’’